आधी परिमाण, मग सायकल



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक मागणी येते, "आई, मला गिअरची सायकल." पूर्वी ती मुलांची असायची, आता मुलीही करतात. आणि खरं सांगायचं तर शुगरचा रिपोर्ट हातात आल्यावर आपल्याही मनात ती येते, फक्त आपण बोलत नाही. आमच्याकडे यंदा लेकीसाठी हा विषय निघाला. अमरावतीतली दुकानं पाहून आणि सायकल मिस्त्रींशी बोलून माझं एक मत पक्कं झालं, ते आज मांडते. पैसे बेताचे असतील तर जिच्यावर जास्त वस्तू लावलेल्या आहेत ती माउंटन बाइक घेऊ नये. कमी भागांची, पण आपल्या मापाची घ्यावी.

अपरिग्रह हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचं नाव मात्र परिग्रह-परिमाण आहे. म्हणजे सगळं सोडा असं नव्हे, आपली मर्यादा आपण आधी ठरवा. हे 'आधी' फार महत्त्वाचं. दुकानात गेल्यावर ठरवलेली मर्यादा दुकानदाराची असते. आम्ही घरीच कागदावर लिहिलं, एकूण पंधरा हजार. त्यातले बारा हजार सायकलीचे आणि तीन हजार हेल्मेट, कुलूप, पंप, जास्तीची ट्यूब, मडगार्ड आणि दिव्याचे. हे तीन हजार आधीच बाजूला काढले नाहीत तर सगळे पैसे सायकलीत जातात आणि हेल्मेट 'पुढच्या महिन्यात' राहतं. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्कं बिल मागा आणि त्यावर हा आकडा बघा.

आता प्रश्न असा, की नांदगाव पेठेत डोंगर कुठे आहे? नाही. पण आपल्याकडे जे आहे ते डोंगरापेक्षा सोपं नाही. एकीकडे राष्ट्रीय महामार्ग ५३, टोल नाका, एमआयडीसीचे ट्रक. त्या रस्त्यावर लेकीला एकटी सोडायला माझा जीव होत नाही. दुसरीकडे शेतातले पांदण रस्ते. उन्हाळ्यात त्यांवर गिट्टी, भेगा आणि बाभळीचे काटे. पावसाळ्यात काळी माती अशी चिकटते की चप्पल पायातून निघून येते. शहरातल्या बारीक टायरची सायकल इथे टिकत नाही. जाड टायरची माउंटन बाइक आपल्याला शोभेसाठी नव्हे, या पांदणीसाठी हवी.

हे लक्षात ठेवलं की दुकानातल्या अर्ध्या गोष्टी आपोआप गळून पडतात. पहिली गळते ती शॉकअप. "ताई, डबल शॉकअपवाली घ्या, पोरीला झटके बसणार नाहीत," असं आम्हाला प्रत्येक दुकानात सांगितलं. दिसायला ती मोटरसायकलसारखी रुबाबदार असते. पण दहा-पंधरा हजारांत मिळणारी मागची शॉकअप म्हणजे एक जड स्प्रिंग. पायडल दाबलं की सीट खाली बसते आणि पायाची काही मेहनत तिथेच जिरते. शिवाय तिथले सांधे ढिले होतात, वाजू लागतात, आणि त्यांचा सुटा भाग गावात मिळत नाही. पुढची स्प्रिंगही स्वस्तात जडच असते. साधा सरळ फोर्क मिळाला तर तो बरा. जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की झटके बऱ्यापैकी तोच झेलतो. हवा किती ठेवायची त्याची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा टायरच्या बाजूवरच छापलेली असते.

ही माझी कंजूषी नाही, इतिहासही तेच सांगतो. माउंटन बाइक जन्मली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन भागात, १९७० च्या दशकात. तिथल्या तरुणांनी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि १९७६ मध्ये उतारावरच्या शर्यती सुरू केल्या. उतरताना मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून जळून जायचं आणि दरवेळी नवीन भरावं लागायचं. शॉकअप बाजारात आली ती १९८० चं दशक संपता संपता. म्हणजे डोंगरावरची पहिली दहा-बारा वर्षं लोकांनी शॉकअपशिवायच काढली. आपली पांदण तर सपाट आहे.

गिअरचंही तसंच. २१ गिअर म्हणजे पुढे तीन चक्रं, मागे सात. त्यातली बरीच जोडणी एकमेकींसारखीच असते. आकडा विचारू नका, दात मोजा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी असतील तर चढ चढेल. पुढे एकच चक्र आणि मागे सात असले तरी आपल्या भागात पुष्कळ. ब्रेक साधे, केबलचे असावेत. चिखलात डिस्क ब्रेक रिमच्या ब्रेकपेक्षा चांगला चालतो हे खरं, पण अगदी स्वस्त डिस्कपेक्षा चांगल्या कंपनीचा साधा ब्रेक बरा. तेलाचा हायड्रॉलिक ब्रेक उत्तमच, पण तो बिघडल्यावर दुरुस्त करणारा हात जवळ आहे का, ते आधी विचारा. माझा नियम सरळ आहे, गावातल्या मिस्त्रीला जे उघडता येतं तेच घरी आणायचं.

या सगळ्यातून वाचलेला पैसा आणि लक्ष एकाच गोष्टीवर घालवा, ती म्हणजे माप. आपल्याकडे कपड्यासारखी सायकलही 'वाढत्या अंगाची' घेतात. मुलगी पाच फूट एक इंच आणि सायकल भावाला पुढे चालेल अशी. मग ती पाय टेकवताना आडव्या नळीवर आदळते, घाबरते आणि आपण म्हणतो, पोरीला जमत नाही. जमत नाही असं काही नसतं. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी याच खेळात राष्ट्रीय पदकं मिळवली आहेत. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहा. आडवी नळी आणि शरीर यांत दोन-तीन इंच अंतर हवं. सीटवर बसून पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला चौदा-पंधरा इंचांची फ्रेम आणि २६ इंची चाक साधारण बसतं. २९ इंची चाक उंच माणसाला. २६ ची ट्यूब छोट्या दुकानातही मिळते, हा आणखी फायदा. आणि सायकल खोक्यातून काढून जोडताना जाणत्या मिस्त्रीकडून जोडून घ्या. ब्रेक घासणं, चाक डुलणं हे बहुतेक वेळा जोडणीचे दोष असतात.

आता आपल्या घरातले प्रश्न. एका काकूंनी मला विचारलं, "शेतातून सायकल चालवायची म्हणजे जीवहिंसा नाही का?" आहे. गृहस्थाचं कोणतंच चालणं-फिरणं हिंसेशिवाय नाही. म्हणून यतना सांगितली आहे. सायकलचा वेग असा असतो की पुढची जमीन डोळ्यांना दिसते, मोटारीतून ती दिसत नाही. मळलेल्या वाटेवरूनच जायचं, गवतात घालायची नाही, ब्रेक मारून घसरण्याचा खेळ करायचा नाही. चातुर्मासात पांदण बंद, फक्त डांबरी रस्ता. चौविहार सांभाळणाऱ्या घरात सूर्यास्ताआधी घरी परतणं तसंही ठरलेलं असतं, सायकललाही तोच नियम. सीट चामड्याची नाही ना, हे विचारून घ्या. साध्या सायकलींना बहुधा रेक्झिनचीच असते. आणि ज्या मैत्रिणी रोज सकाळी चौदा नियम धारतात, त्यांना माहीतच आहे की त्यात 'वाहन' हा एक नियम आहे. ज्या दिवशी त्यात फक्त सायकल धराल, त्या दिवशी घरची गाडी बाहेर निघत नाही.

"सायकल कशाला, स्कूटी घेऊन द्या, चार लोकांत बरं दिसतं," असंही ऐकावं लागतं. माझं म्हणणं, स्कूटीला वेळ आहे. सोळाव्या वर्षी स्वतःच्या पायाने दहा किलोमीटर जाऊन आलेली मुलगी आणि मागे बसून गेलेली मुलगी यांत फरक पडतो. तो मला माझ्या घरात हवा आहे. सरावानंतर एखाद्या थंडीत परतवाड्याहून मुक्तागिरीच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाऊन, पुढे अनवाणी डोंगर चढून बावन्न मंदिरांचं दर्शन घ्यावं, अशी लेकीची आणि माझी इच्छा आहे. ते अंतर पंधराएक किलोमीटरचं आहे. साध्या सायकलला ते मुळीच जड नाही.

शेवटी एकच सुचवते. बिल करण्याआधी त्या सायकलवर तुम्हीही बसून बघा. सीट वर-खाली करायला एक मिनिट लागतो. मायलेकींत जी बुटकी असेल तिच्या मापाची फ्रेम घेतली तर सकाळी सहाला आई आणि सातला लेक, दोघी एकाच सायकलवर फिरू शकतात. वस्तू एक, वापरणाऱ्या दोघी. परिमाणाचा याहून सोपा अर्थ मला तरी माहीत नाही. फक्त ओढणी खोचून बसा, चेनला ती लगेच सापडते.