खलनायकाच्या हाती तस्बीह कुणी दिली?

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलांनी एक नाटुकले बसवायला घेतले. इन्स्पेक्टर, हवालदार, लुबाडला गेलेला दुकानदार अशी पात्रे वाद घालत ठरली. डॉनच्या वेशभूषेवर मात्र वादच झाला नाही. काळी पठाणी, डोळ्यांत सुरमा, बोटांत अंगठ्या आणि हातात तस्बीह! दुसऱ्या दिवशी आपल्याच मोहल्ल्यातला एक मुलगा मरहूम दादाजानची तस्बीह घेऊन आला. चेहऱ्यावर संकोच नव्हता, नाटकाला आपलाही हातभार लागला याचा आनंद होता. आम्ही ती तस्बीह हातात घेतली, पण काय बोलावे ते सुचेना.

मुलांनी हा डॉन कुठून आणला, हे शोधायला लांब जायला नको. २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये रऊफ लाला हा खलनायक आहे. १९९० च्या मूळ चित्रपटात तो नव्हता. ऋषी कपूर यांनी सुरमा घालून साकारलेला हा लाला मुलींचा सौदा करतो. त्याच चित्रपटातला कांचा बघा. डोक्याचा गोटा, काळे कपडे, तोंडी गीतेची भाषा आणि मांडव्यात जणू स्वतःची लंका. कांचात प्रेक्षकाला पुराणातला रावण दिसतो. लालात मात्र त्याला शेजारचा मोहल्ला दिसतो.

गुन्हेगारी मालिकांना पुराणांचे आकर्षण आहेच. ‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) च्या पहिल्या पर्वातील भागांची नावे अश्वत्थामा, हलाहल, ब्रह्महत्या, ययाती अशी आहेत. त्यातला गुंड गणेश गायतोंडे स्वतःलाच देव समजू लागतो. आपल्याला इथे फिरऔन आठवावा. सूरह नाझिआतमध्ये तोही लोकांना जमवून स्वतःला सर्वांत मोठा रब ठरवतो. नावे वेगळी, रोग एकच, तकब्बुर! इब्लीसनेही चोरी किंवा खून केला नव्हता. मी आगीचा, आदम मातीचा, म्हणून मी श्रेष्ठ, एवढेच त्याच्या डोक्यात शिरले होते.

या जुन्या किश्शांतली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. त्यांतला खलनायक परका नसतो. इब्लीस फरिश्त्यांच्या मेळ्यातच उभा होता. काबील हा हाबीलचा सख्खा भाऊ. कारून तर हजरत मूसा (अ.) यांच्याच कौमचा, हे सूरह कससमध्ये स्पष्ट आले आहे. रावणही वेद जाणणारा, शिवाचा भक्त. म्हणजे वाईटपणा पोशाखावरून ओळखता येत नाही, तो आपल्या घरातून, आपल्या नफ्समधूनही उगवतो, असेच हे किस्से सांगतात. सुरम्याच्या डॉनने नेमके उलटे शिकवले. वाईटपणा पलीकडच्या गल्लीत राहतो, तुम्ही निश्चिंत झोपा!

सगळ्याच मालिका अशा नाहीत. ‘असुर’ (२०२०) मध्ये मुलगा अशुभ वेळेला जन्मला म्हणून पंडित बापच त्याला असुर ठरवतो आणि शेवटी मुलगा ते नाव खरे करून दाखवतो. त्याच वर्षीच्या ‘पाताल लोक’मध्ये कबीर नावाच्या तरुणाला बापाने भीतीपोटी मुस्लिम ओळख लपवून वाढवलेले असते, तरी तपास यंत्रणा त्याला दहशतवादी ठरवते. आणि त्याच मालिकेत इमरान अन्सारी हा प्रामाणिक, अभ्यासू पोलीस अधिकारीही आहे. या मालिका मुलांनी पाहाव्यात अशा नाहीत, पण मोबाइल मुलांच्याच हातात असतो. म्हणून आई-वडिलांनी निदान त्यांच्याशी बोलायला तरी हवे.

आम्हीही मुलांशी बोललो. विचारले, “तुमचा डॉन नेमके करतो काय?” उत्तरे आली : हप्ते घेतो, गरिबाची जागा बळकावतो, खोटे कागद करतो, कुणी बोलले तर धमकावतो. “मग हे सगळे रंगमंचावर दाखवा. ते दिसले तर सुरम्याची गरज काय?” एक मुलगी म्हणाली, “सर, मग लोकांना तो डॉन आहे हे कळणार कसे?” आम्ही म्हणालो, “त्याच्या कामावरून.”

संमेलनात डॉन पांढरा शर्ट आणि साधी पँट घालून आला. हातात हिशेबाची वही होती. दुकानदाराला त्याने गोड आवाजात ‘काका’ म्हटले आणि वहीवर बोट ठेवले. अख्खे सभागृह चिडीचूप झाले. तो कोण आहे, हे कुणाला सांगावे लागले नाही.

तस्बीह आम्ही त्या मुलाला परत दिली होती. दादाजान ती घेऊन काय करत असत, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “फजरनंतर आम्हां सगळ्यांसाठी दुआ मागायचे.” आमच्या मुलांना आपल्या घरातल्या वस्तूंचा अर्थ आधी घरातूनच कळायला हवा. पडदा सांगतो तो अर्थ त्यानंतर.