थुंकी झेला, पण जपून!

बॉसची थुंकी झेलणारे प्रत्येक ऑफिसात असतात. पण शास्त्रज्ञही थुंकी झेलतात आणि चक्क एक्स-रेखाली धरतात, हे कळलं तेव्हा मी उडालेच!

लाळेत ९९ टक्के पाणी. उरलेल्या एका टक्क्यात पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोरीन आणि अगदी किंचित झिंक, तांबं वगैरे. हे मोजणाऱ्या तंत्राचं नाव टीएक्सआरएफ. लाळेत ठरावीक गॅलियम मिसळायचं, त्याचा इवलासा थेंब क्वार्ट्झच्या गुळगुळीत चकतीवर वाळवायचा आणि वरून जवळजवळ आडवे एक्स-रे सोडायचे. कोन ०.१ अंशाहूनही कमी! किरण चकतीत न शिरता परततात, त्यामुळे 'गोंगाट' कमी. डागातलं प्रत्येक मूलद्रव्य मात्र आपापल्या ऊर्जेचे एक्स-रे फेकतं. ही 'सही' मोस्लेने १९१३मध्ये ओळखली. गॅलियमशी तुलना केली की बाकीच्यांचं प्रमाण मिळतं.

सुई नाही, रक्त नाही. टेम्प्टिंग आहे ना? पण थांबा. मशिन चोख असलं तरी लाळ मूडी आहे. जेवण, च्युइंगगम, दिवसाची वेळ, सगळ्याने आकडे हलतात. हिरडीतून रक्त आलं की लोह वाढलंच! शिवाय फ्लोरिनसारखी हलकी मूलद्रव्यं साध्या यंत्राला दिसतच नाहीत. शिशाच्या विषबाधेसाठी तर आजही रक्तच तपासतात.

तेव्हा लाळेवरून कुणी रंगीत 'मिनरल प्रोफाइल' हातात ठेवून महागड्या गोळ्या सुचवल्या, तर आधी विचारा: सँपल कधी घेतलं, आणि तुलना कुणाशी केली? उत्तर नसेल, तर पाकीट खिशातच राहू द्या.