मे महिन्यासाठीही एक नियम लिहा

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली



हे पत्र परभणी–परळी रेल्वेमार्गावरच्या पोखर्णीहून लिहितो आहे. गावाची ओळख नृसिंहाच्या मंदिरामुळे, विमानांमुळे नव्हे. इथे धावपट्टी नाही आणि ती मागायलाही मी बसलेलो नाही. विषय आहे दोन आसनी मायक्रोलाइट विमानांची इंजिने आमच्यासारख्या उन्हात थंड ठेवण्याचा आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या बदलांना परवानगी देण्याचा.

या विमानांत सर्रास दिसणारे रोटॅक्स 912 इंजिन ऑस्ट्रियात बनते. त्याच्या सिलिंडर हेडना पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणाने थंड करतात, सिलिंडरना वाऱ्याने. तुलनेसाठी प्रमाण हवा धरतात ती समुद्रसपाटीवरची, 15 अंशांची. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंच, आणि मे महिन्यात पारा 43च्या वर जातो ही आमच्याकडे बातमीसुद्धा होत नाही. अशा दुपारी विमानाला ही हवा दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ लागते. कूलंटची कमाल मर्यादा 120 अंश धरा. 15 अंशांच्या हवेत फरक 105 अंशांचा, इथे 77चा. त्यात हवा 13 टक्के विरळ. ढोबळ हिशेबाने त्याच वेगात तोच रेडिएटर सुमारे एकतृतीयांशाने कमी उष्णता बाहेर टाकतो. विरळ हवेत इंजिनाची ताकदही घटते, त्यामुळे उष्णता थोडी कमी निर्माण होते, पण तूट भरून निघत नाही. सगळ्यात वाईट वेळ उड्डाणानंतरच्या चढाईची: थ्रॉटल पूर्ण, वेग कमी, खाली उतरायला जागा नाही.

यावर कुणीही पटकन सुचवतो, मोठा रेडिएटर लावा. मला हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. हरभऱ्याच्या मळणीत ट्रॅक्टरची जाळी भुशाने बुजते, तेव्हा आमचा ड्रायव्हर नवा रेडिएटर आणत नाही, वाऱ्याची वाट मोकळी करतो. विमानातही मुख्य प्रश्न वाटेचाच. आत येणारी हवा रुंदावत जाणाऱ्या नळीतून मंदावली पाहिजे, बाजूने निसटता कामा नये, आणि बाहेर पडायला तिला पुरेशी जागा हवी. इंजिनावरच्या आवरणाच्या (काउलिंगच्या) आतल्या पत्र्याच्या आडोशांची रबरी कड फाटली, तर हवा सिलिंडरला न शिवताच निघून जाते. मागच्या तोंडाशी छोटा ओठ बसवला की तिथला दाब उतरतो आणि ओढ वाढते. ब्रिटनच्या मेरेडिथ यांनी तर 1935 मध्ये दाखवले की रेडिएटरमध्ये तापलेल्या हवेला नीट वाट दिली, तर रेडिएटरमुळे विमानाला होणारा हवेचा विरोध बराचसा भरून काढता येतो. मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालची हवेची नळी त्याच विचारातली.

उलटी अडचणही आहे. डिसेंबरात इथला पारा दहाच्या खाली जातो, आणि याच इंजिनाचे तेल 50 अंशांवर आल्याशिवाय उड्डाण करायचे नसते. म्हणजे एकदाच कायमचे मोठे भोक पाडून भागत नाही. उघडझाप करता येणारी झडप लागते.

हे बदल पत्रा, रबर आणि रिव्हेटचे आहेत, पण विमानात ते मनमानीने होऊ नयेत हे मला मान्य आहे. म्हणूनच वाट स्पष्ट हवी. आराखडा, फोटो, वजनातला फरक, जमिनीवरची चाचणी आणि भर दुपारच्या चढाईतल्या तापमानाच्या नोंदी, एवढे घेऊन ठरावीक मुदतीत उत्तर द्या. नाही म्हणायचे तर कारण लिहून द्या. वाट लांबली की माणसे परवानगीशिवाय पत्रा कापतात, आणि ते अधिक धोक्याचे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान 2016 मध्ये सगळ्यांनी पाहिले. उड्डाणाचा परवाना मिळाला 2019 मध्ये. अख्ख्या विमानाला वेळ लागतो, हे समजू शकते. रबरी कडेला का लागावा?

आणखी एक. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी स्लोव्हेनियाहून मायक्रोलाइट विमाने घेतली गेली. आपल्या उन्हात त्यांची इंजिने किती तापतात, याच्या नोंदी सरकारी यंत्रणेकडे जमत असणार. त्यातला गोपनीय नसलेला भाग मागवून प्रसिद्ध करा, आणि बदलांची मार्गदर्शिका मराठीतही काढा. पुढचा मे येण्याआधी एवढे करावे, ही विनंती.

आपला,
पोखर्णीचा एक रहिवासी