लुगड्याची गाठ जरा सैल असावी



त्वचेच्या कॅन्सरवर मासिकांतून जे लेख येतात ते बहुतेक ऊन, गोरी कातडी आणि सनस्क्रीन यांच्याभोवती फिरतात. ते खोटे नाहीत, पण आपल्या घरच्या आजी-मावशींना त्यांचा उपयोग थोडाच. आमच्या मते आपल्याकडे आधी बोलायला हवे ते कमरेच्या नाडीबद्दल.

नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची हकीगत प्रसिद्ध केली. एक साडीखाली परकर घट्ट बांधीत असे; तिच्या कमरेवर दीड वर्षापासून जखम होती. दुसरी ४० वर्षे रोज लुगडे नेसत आलेली. आत परकर नाही, गाठ थेट कातडीवर. तिची जखम २ वर्षांची. दोघींनाही स्क्वॅमस सेल जातीचा कॅन्सर निघाला आणि दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचलेला होता. जगात त्वचेच्या कॅन्सरांत ही जात दुसऱ्या क्रमांकाची आहे. कमरेवर होणारा प्रकार मात्र दुर्मिळ, हे आधीच सांगतो, उगाच घबराट नको.

ही गोष्ट नवीही नाही. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीच धोतराच्या घट्ट बांधणीने होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. म्हणजे पुरुषमंडळींनी हा बायकांचा विषय म्हणून पान उलटू नये. काश्मिरात पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्यांना पोटा-मांडीवर असाच कॅन्सर होतो.

होते असे की दोरी एकाच जागी वर्षानुवर्षे घासते, घाम साचतो, कातडी काळवंडते, खपल्या धरतात. मग चीर पडते, ती भरते, पुन्हा उघडते. या सततच्या दुरुस्तीत कधीतरी पेशी बिघडतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत व्रण म्हणजे वाहता घाव, तर मराठीत बऱ्या झालेल्या जखमेची खूणही व्रणच. या आजारात दोन्ही अर्थ खरे ठरतात, कारण भाजल्याच्या जुन्या व्रणावरही अनेक वर्षांनी हा कॅन्सर उद्भवू शकतो.

हा लेख छापण्याचे ठरले तेव्हा काहींनी विचारले, साडीला नावे कशाला ठेवता? आम्ही साडीला नाव ठेवत नाही. दोष वस्त्राचा नाही, आवळण्याचा आहे. बारीक नाडीऐवजी परकराला रुंद पट्टा लावावा, गाठ रोज एकाच ठिकाणी येऊ देऊ नये, लुगड्याखाली सैल परकर असावा, घरी कमरेला थोडी मोकळीक द्यावी. एवढ्याने कोणाची संस्कृती बुडत नाही. स्नेहसंमेलनात लेझीमच्या मुलींना नऊवारी नेसवताना, ती सुटू नये म्हणून ज्या ताकदीने आवळली जाते तेही आम्हाला पटत नाही. एका दिवसाने कॅन्सर होत नाही हे खरे, पण सवय तिथूनच लागते.

खरी अडचण लाजेची आहे. कमरेची जखम आजी सुनेलाही दाखवत नाही. हळद लावते, तेल लावते, कुठलेसे मलम चोळते आणि वर पुन्हा तीच गाठ मारते. चार आठवड्यांत न भरणारी जखम, कडा जाड आणि उंच होणे, सहज रक्त येणे, दुर्गंधी, जांघेत गाठ, यांतले काहीही दिसले तर मलम पुरे. आपल्या एम.वाय. रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तेथे दाखवावे. डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासतात. सुई-सुरी लागली की कॅन्सर पसरतो ही समजूत निराधार आहे. लवकर कळले तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो भाग काढून टाकणे बहुधा पुरते. उशीर झाला की कातडीचे रोपण, गाठींची शस्त्रक्रिया, रेडिएशन असे सगळे मागे लागते.

शाळेत दरवर्षी मुलांचे दात-डोळे तपासले जातात. आमचे म्हणणे असे की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक महिला डॉक्टर बोलवावी आणि ग्रंथालयाच्या खोलीत, दार लावून, आजींची व शाळेतल्या मावशींची तपासणी व्हावी. वाणात प्लास्टिकच्या डबीऐवजी परकराचा रुंद पट्टा दिला तरी चालेल. ज्यांना आपल्या आजींना आणायचे आहे त्यांनी वर्गशिक्षिकांकडे नाव द्यावे. कारण लिहिण्याची गरज नाही.