कळसूत्री वादिका

वस्तुसंग्रहालयात मुके वाद्य पाहणे म्हणजे झाकण न काढता स्वयंपाकाची तारीफ करणे, असे माझे जुने मत आहे. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयाने ते पक्के केले. चित्रे, नाणी असा तेथला मामला. पण मी गेलो त्या रविवारी सारी गर्दी एका बाहुलीसमोर होती.

पियेर जाके-द्रो, त्यांचा मुलगा आंरी-लुई आणि जां-फ्रेदेरिक लेशो या घड्याळजींनी १७७४ साली लोकांपुढे आणलेली ही वादिका. किल्ली दिली की ती आधी श्वास घेते. छाती हलते, नजर वळते, मग सूर निघतात. नुसता आव नव्हे हं! आतल्या रुळावरचे खिळे बोटे हलवतात आणि बोटे खरोखर पट्ट्या दाबतात. आपल्या पेटीसारखाच भात्याच्या वाऱ्यावर सूर उमटतो. बोट अडले तर सूर गेलाच. तिला पाच चिजा येतात. (आमच्या शेजारच्या चिरंजिवांना दोन वर्षांत तीन!)

वाजवले की झीज आलीच, हे खरे. टिपूचा तो गोऱ्याच्या छाताडावर बसलेला लाकडी वाघ पाहा. त्याच्याही पोटात ऑर्गन आहे. १८०८ पासून लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये येईल तो त्याची मूठ फिरवी. तेथल्या ग्रंथालयातले वाचक त्या गुरगुराटाने हैराण होत. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये काचेआड आहे. मूठ कोणाच्याही हाती नको, कबूल. पण जाणत्याच्या हातीही क्वचितच?

न्यूशातेलच्या कारागिराने शेवटी आतले यंत्र उघडून दाखवले. पुढच्या रांगेतली पोरे जागची हलेनात.