ऑर्डर भरपूर, तिजोरी रिकामी

धुळे-जळगावच्या बाजारपेठेत बसून जहाजाच्या कारखान्यावर लिहिणे काही वाचकांना विचित्र वाटेल. आपल्याकडे ना समुद्र, ना गोदी. परंतु मोठी कंपनी कशी बुडते आणि तिला उधारीवर माल देणाऱ्या छोट्या माणसाचे काय होते, हे समजून घ्यायचे तर रत्नागिरीच्या भारती शिपयार्डची हकिकत आपल्या कामाची आहे. शिवाय केंद्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये जहाजबांधणीसाठी 69,725 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. किनाऱ्यावर काम वाढले की गणवेशाचे कापड, ताडपत्री, दोर, पाईप यांची मागणी फिरत फिरत खानदेशपर्यंत येईल. ती येण्याआधीच विचार झालेला बरा.

भारती शिपयार्डची सुरुवात 1973 साली पी. सी. कपूर आणि विजय कुमार या दोन जहाजबांधणी अभियंत्यांनी केली. रत्नागिरी, घोडबंदर, दाभोळ, गोवा, मंगळूर असा तिचा पसारा वाढला. समुद्रातील तेलविहिरींना रसद पोचवणारी जहाजे आणि टगबोटी ही तिची खासियत. 2004 साली कंपनी शेअर बाजारात आली. परदेशी मालकांच्या ऑर्डरी मिळाल्या. कागदावर हजारो कोटींचे काम होते. मग अडले कुठे?

आमच्या मते अडले ते रोकडीत. जहाज म्हणजे कापडाचा ताका नव्हे, की सकाळी आणला आणि संध्याकाळी विकला. एक जहाज बांधायला दोन-तीन वर्षे लागतात. पोलाद, इंजिन, यंत्रसामग्री आधी घ्यावी लागते. मालक टप्प्याटप्प्याने पैसे देतो, पण त्याबदली बँकेची हमी मागतो. मुदत चुकली तर ऑर्डर रद्द करून दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क त्याला करारात असतो. अर्धवट जहाजाला दुसरे गिऱ्हाईक सहज मिळत नाही. म्हणजे वहीत जो माल लाखमोलाचा दिसतो, तो काम थांबताच जवळजवळ भंगाराच्या भावाचा होतो.

सरकार जहाजबांधणीला 30 टक्के अनुदान देत होते. ते ऑगस्ट 2007 मध्ये संपले. पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली, जहाजांचे भाडे कोसळले, मालक जहाज ताब्यात घ्यायला नाखूश झाले. अशा वेळी शहाणा व्यापारी हात आखडता घेतो. भारतीने मात्र 2009 साली ग्रेट ऑफशोअर ही मोठी जहाज कंपनी ताब्यात घेण्यासाठी एबीजी शिपयार्डशी चढाओढ केली आणि भाव वाढवत नेऊन ती जिंकली. पैसा बाहेर गेला आणि कर्ज वाढले. पुढे बँकांनी कर्जाची फेररचना केली, 2014 साली बहुतेक कर्ज एडलवाईसच्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे गेले, कंपनीचे नाव बदलून भारती डिफेन्स अँड इन्फ्रास्ट्रक्चर झाले. उपयोग झाला नाही. 2017 साली प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेले आणि जानेवारी 2019 मध्ये अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याचा, आदेश झाला. त्याच 2019 साली एबीजीवरही तीच पाळी आली. चढाओढीत जिंकणारा आणि हरणारा, दोघेही एकाच घाटावर पोचले.

सारा दोष धंद्याचा होता, असेही म्हणता येत नाही. याच किनाऱ्यावर मुंबईत माझगाव डॉक आहे. तिचे मुख्य गिऱ्हाईक नौदल, म्हणजे सरकार. कामाच्या टप्प्यानुसार आगाऊ पैसे येतात, त्यामुळे हातात रोकड राहते. 2020 साली ही कंपनी शेअर बाजारात आली आणि उभी आहे. काम तेच, समुद्र तोच. फरक आहे तो पैसा कोण देतो आणि केव्हा देतो याचा.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. जळगावच्या जैन इरिगेशनचे नाव ठिबक सिंचनामुळे जगभर झाले. तिच्या मालाला मागणी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरीही 2019 साली ती कर्जफेडीत अडचणीत आली. सरकारी अनुदान आणि प्रकल्पांकडे रक्कम अडकून पडणे हे त्यातले एक मोठे कारण होते. 2022 साली बँकांशी तडजोड झाली आणि 2023 साली कंपनीने आपला परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करून कर्जाचे ओझे हलके केले. नावलौकिकाचा भाग देऊन धंदा वाचवला. हा निर्णय सोपा नसतो, पण वेळेवर घेतला तर कारखाना चालू राहतो.

आता आपल्या बाजूने पाहू. कंपनी अवसायनात गेली की पैसे वाटण्याचा क्रम 2016 च्या दिवाळखोरी कायद्याने ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची 24 महिन्यांची देणी बरोबरीने. मग इतर कर्मचारी, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी कर. उधारीवर माल देणारा त्यांच्याही मागे. त्याच्यापर्यंत बहुधा काही उरत नाही. स्वतः न्यायाधिकरणात जावे म्हटले तर मार्च 2020 पासून एक कोटीच्या खालची थकबाकी चालत नाही. पाच-सात लाख अडकलेल्या दुकानदाराने कुठे जावे?

2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद आहे. पण तिचा लाभ नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला. 2021 साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती केवळ बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. म्हणजे धुळ्याच्या यंत्रमागधारकाला संरक्षण आहे, आणि त्याचेच कापड घेऊन पुढे विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. ही उणीव दूर करावी, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर सावधगिरी आपल्याच हातात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. इंग्रजी ताळेबंद पाहून आम्हीही बिचकत होतो. पण तीन गोष्टी कोणालाही पाहता येतात. एक, नफा दिसतो आहे, पण धंद्यातून प्रत्यक्ष रोकड येते आहे का? रोख प्रवाहाचे पत्रक ते सांगते. दोन, वर्षभरात फेडायची देणी किती आणि हातात काय आहे? तीन, लेखापरीक्षकाचा अहवाल. धंदा पुढे चालू राहण्याविषयी मोठी शंका असेल तर ती त्याला वेगळ्या मथळ्याखाली लिहावी लागते. 2021-22 पासून, काही छोट्या खासगी कंपन्या वगळता, कंपनी वर्षभरातील देणी भागवू शकेल का यावरही त्याला मत द्यावे लागते. मोठ्या कंपन्यांचे हे कागद खुले असतात. ओळखीच्या सनदी लेखापालाकडून तासाभरात वाचून घेता येतात.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार करण्याची ताकीद आहे. अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला सवलत देण्याचीही शिकवण तिथेच आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. ज्याची खरोखर अडचण आहे त्याला मुदत देऊ, परंतु शब्दावर नव्हे, कागदावर. आणि एकाच गिऱ्हाइकाकडे इतकी उधारी ठेवू नये की तो बुडाला तर आपल्या घरची चूल विझेल. जहाज कितीही मोठे असो, आपली नाव त्याला किती घट्ट बांधायची हे आपणच ठरवायचे असते.