विमा कंपनीचा धूर कुठे मोजायचा?



चिपळूणच्या बाजारपेठेत माझे कापडाचे दुकान आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी पेठेत शिरले. पोटमाळा सोडला, तर माझे सगळे दुकान पाण्याखाली गेले. काही दिवसांनी विमा कंपनीचे सर्व्हेअर आले आणि त्यांनी स्टॉकची वही मागितली. ती मी चिखलातून काढून घरी पंख्याखाली वाळवली होती. पाने एकमेकांना चिकटली होती. माझ्या पत्नीने जुन्या धोतराच्या तुकड्यात एकेक पान धरून इस्त्रीने ती सोडवली. शाई पसरली होती, तरी आकडे लागत होते. क्लेम मंजूर झाला, पण मागितल्याच्या निम्म्याहून कमी.

तो हिशेब आज उकरून काढायचा नाही. यंदा नूतनीकरणाच्या कागदांबरोबर कंपनीने एक गुळगुळीत पत्रक पाठवले आहे, त्याबद्दल लिहायचे आहे. शाखांमध्ये एलईडी दिवे बसवले, छतावर सौरपट्ट्या टाकल्या, पॉलिसी कागदाऐवजी ई-मेलने पाठवतो, कर्मचाऱ्यांनी रोपे लावली, म्हणून आमचे कार्बन उत्सर्जन घटले, असे त्यात म्हटले आहे. पुढे 'नेट झिरो'चे, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, वचनही आहे. रोपे लावणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण विमा कंपनीच्या कचेरीत असे जळते तरी किती? तिचा खरा धूर दोन ठिकाणी निघतो आणि त्या दोन्हींबद्दल पत्रकात चकार शब्द नाही. आम्ही भरलेल्या हप्त्यांचा पैसा कोणत्या उद्योगांत गुंतवला, हे पहिले ठिकाण. कोणाच्या खाणीला आणि वीजकेंद्राला विम्याचे छत्र दिले, हे दुसरे.

दुसऱ्या ठिकाणाचे वजन मला व्यवहारातून कळते. माझ्यासारख्या लहान दुकानदाराला बँक विम्याशिवाय कॅश क्रेडिट देत नाही, मग हजारो कोटींच्या औष्णिक केंद्राला कर्ज देईल का? विमा नसेल तर कर्ज नाही, कर्ज नसेल तर चिमणी उभी राहत नाही. पहिल्या ठिकाणाबद्दल 'सीडीपी' या संस्थेने 2021 मध्ये एक आकडा मांडला होता. ज्या वित्तसंस्थांनी दोन्ही हिशेब दिले, त्यांच्या गुंतवणुकी-कर्जांतून होणारे उत्सर्जन त्यांच्या स्वतःच्या कामकाजातल्या उत्सर्जनापेक्षा सरासरी 700 पटींहून जास्त होते. म्हणजे एका रुपयाच्या हिशेबाचे पत्रक छापायचे आणि सातशे रुपयांची वही कपाटात ठेवायची, असा हा प्रकार आहे.

विमा व्यवसायाला हे उशिरा कळले, असेही म्हणता येत नाही. जर्मनीच्या 'म्युनिक री' या पुनर्विमा कंपनीने 1973 मध्येच पुरांवरच्या आपल्या पुस्तिकेत वातावरण तापत असल्याचा उल्लेख केला होता. जुलै 2021 मध्ये, आमचे चिपळूण बुडाले त्याच महिन्यात, युरोपातल्या आठ मोठ्या कंपन्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 'नेट झिरो इन्शुरन्स अलायन्स' स्थापन केली. 2050 पर्यंत, विमा दिलेल्या उद्योगांच्या उत्सर्जनासह, शून्य गाठण्याचे वचन त्यांनी दिले. मार्च 2023 मध्ये म्युनिक रीच त्यातून बाहेर पडली. मे महिन्यात अमेरिकेतल्या 23 राज्यांच्या महाधिवक्त्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याचा धाक दाखवणारे पत्र पाठवले, आणि काही दिवसांतच अॅक्सा, अलियान्झ, स्विस री यांनीही काखा वर केल्या. एप्रिल 2024 मध्ये ती आघाडीच गुंडाळली गेली. एकत्र येण्यात कायद्याची अडचण होती, हे घटकाभर मान्य करू. पण आपापल्या कंपनीत वचन पाळायला कोणता कायदा आड येतो?

हवामान बिघडले तर सर्वांत आधी विमा कंपनीच बुडेल, म्हणून ती आपणहून सुधारेल, असे जाणकार सांगतात. मला ते पटत नाही. दुकानाची पॉलिसी सहसा वर्षाची असते. नुकसान वाढले की कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवते, अटी घट्ट करते, आणि अगदीच जड झाले तर तो भाग सोडून देते. मे 2023 मध्ये 'स्टेट फार्म' या अमेरिकी विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणे थांबवले, त्यामागे वणव्यांचा वाढता धोका हे एक कारण होते. कंपनी जागा सोडू शकते. मी पेठेतले दुकान उचलून कुठे नेऊ?

आपल्याकडे शेअर बाजाराच्या नियामक सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला. पण सक्ती स्वतःच्या इंधनाच्या आणि विकत घेतलेल्या विजेच्या हिशेबाची आहे. गुंतवणुकीचे उत्सर्जन ज्यात येते, तो 'स्कोप 3' ऐच्छिक ठेवला. कारखान्याच्या बाबतीत या सवलतीने थोडे झाकले जाते, विमा कंपनीच्या बाबतीत जवळजवळ सगळेच. आयुर्विमा महामंडळाचा पैसा कोल इंडियात आणि एनटीपीसीत आहे, हे भागधारकांच्या जाहीर यादीत कोणालाही दिसते. त्या पैशात माझ्या घरातल्या चार पॉलिसींचे हप्तेही आहेत, म्हणून विचारण्याचा हक्क मला आहे.

कोळसा उद्या बंद करा, असे मी म्हणत नाही. माझ्या दुकानातले दिवेही बहुतांशी त्याच विजेवर लागतात. मागणी एवढीच आहे की सेबी आणि विमा नियामकाने विमा कंपन्यांना दोन आकडे जाहीर करायला लावावेत: गुंतवणुकीतून होणारे उत्सर्जन आणि विमा दिलेल्या उद्योगांच्या उत्सर्जनातला आपला वाटा. दुसरा मोजायचा कसा, याची आंतरराष्ट्रीय पद्धत नोव्हेंबर 2022 पासून उपलब्ध आहे. आणि नव्या कोळसा खाणीला विमा देणार की नाही, हे कंपनीने पत्रकात सरळ लिहावे.

हेच प्रश्न मी कंपनीला लेखी विचारले आहेत. उत्तर आलेले नाही. नूतनीकरणाची मुदत जूनमध्ये संपते. उत्तर आले नाही तरी हप्ता मला भरावाच लागेल, कारण पॉलिसीची प्रत दिल्याशिवाय बँक कॅश क्रेडिट पुढे चालू ठेवणार नाही, आणि जूननंतर जुलै येतो.

आपला,
एक कापड दुकानदार, चिपळूण